जुने प्रोटोटाइप रेपोत ठेवावेत की पुसावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात फोंड्याजवळची एक छोटी कंपनी दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवते. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या भागांतल्या केंद्रांवर ‘रास्पबेरी पाय’ या चिमुकल्या संगणकावर चालणारी छोटी यंत्रं आहेत. नेटवर्क येतं-जातं, पावसात वीज जाते, तरी दोन्ही वेळच्या दुधाची नोंद केंद्रावर झालीच पाहिजे आणि नंतर सगळीकडे जुळली पाहिजे. हे कसं साधायचं ते ठरवताना टीमने चार प्रोटोटाइप, म्हणजे कच्चे नमुने, केले: एक राफ्टवर (एक यंत्र लीडर होतं आणि बहुमताने नोंद पक्की होते), एक गॉसिपवर (यंत्रं एकमेकांना कानोकान निरोप देतात), एक ‘शेवटी लिहिलेलं ते खरं’ या नियमावर आणि एक सीआरडीटीवर (प्रत्येक यंत्र स्वतंत्रपणे लिहितं आणि नोंदी नंतर आपोआप जुळतात). शेवटचा प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, गेला. उरलेले तीन मुख्य रेपोतल्या (रेपो म्हणजे कोडचं भांडार) ‘प्रयोग’ नावाच्या फोल्डरात पडून आहेत. नवे टीम लीड म्हणतात, पुसून टाका, गिटमध्ये (कोडचा प्रत्येक बदल जपणाऱ्या प्रणालीत) सगळं असतंच. ज्यांनी ते लिहिले त्यांना ते पुसवत नाहीत. ठेवायचे तर कुठे, कसे आणि किती वर्षं, असं विचारलंय.

आधी निकाल सांगतो, मग कारणं. ‘प्रयोग’ फोल्डर मुख्य रेपोत नको, लीडचं तेवढं म्हणणं बरोबर आहे. पण ‘गिटमध्ये आहेच’ म्हणून पुसून मोकळं होणं म्हणजे हात झटकणं. तीनपैकी दोन प्रोटोटाइप वेगळ्या रेपोत हलवा, तो रेपो फक्त वाचण्यापुरता ठेवा, आणि हलवण्याआधी प्रत्येकाबरोबर पानभर नोंद लिहा. माझ्या लेखी त्या नोंदीची किंमत कोडपेक्षा जास्त आहे. एका मशीनवर चालणारा प्रोग्राम वाचला की तो काय करेल याचा बराचसा अंदाज येतो. डिस्ट्रिब्युटेड सिस्टिमचं, म्हणजे अनेक यंत्रांनी मिळून चालवलेल्या प्रोग्रामचं, तसं नाही. तिथे जे घडलं त्यातलं अर्धं कोडमध्ये असतं आणि अर्धं कोडच्या बाहेर: निरोप पोचायला किती वेळ लागला, कुठल्या यंत्राचं घड्याळ किती मागे होतं, कुठला नोड (जोडणीतलं एक यंत्र) नेमका केव्हा पडला. बाहेरचं अर्धं जपलं नाही तर आतलं अर्धं कशाची साक्ष देतंय हेच कळत नाही.

तुमच्या राफ्टच्या प्रोटोटाइपचंच घ्या. तुम्ही लिहिलंय की ‘राफ्ट आपल्याकडे चालला नाही’ असं टीममध्ये सगळे म्हणतात, पण का चालला नाही ते आता कुणी खात्रीने सांगू शकत नाही. मला दोन शक्यता दिसतात आणि त्या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिली शक्यता टाइमआउटची. राफ्ट बनवणाऱ्या डिएगो ओंगारो आणि जॉन औस्टरहाउट यांच्या २०१४ च्या पेपरमध्ये निवडणुकीचा टाइमआउट (लीडरची हाक आली नाही तर नवी निवडणूक लावण्याआधी थांबायचा वेळ) १५० ते ३०० मिलिसेकंद सुचवला आहे. बहुतेक प्रोटोटाइपमध्ये हा आकडा जसाच्या तसा उतरवलेला सापडतो. पण त्याच पेपरमध्ये अटही आहे, की निरोप पोचायला लागणारा वेळ या टाइमआउटपेक्षा कितीतरी कमी असला पाहिजे. एका खोलीतल्या मशीन असतील तर तो मिलिसेकंदभरच असतो. सांग्याच्या आतल्या भागातून मोबाइल डेटावर निरोप जायला काही शे मिलिसेकंद सहज लागतात, आणि पाऊस सुरू झाला की सेकंदांवर जातं. मग लीडरची ‘मी आहे’ ही हाक उशिरा पोचते, दुसऱ्या नोडला वाटतं लीडर गेला, तो निवडणूक लावतो, नवा लीडर स्थिरावायच्या आत तिसरा निवडणूक लावतो. लॉग (यंत्राने आपोआप लिहिलेली घडामोडींची यादी) उघडलात तर टर्मचा (निवडणुकीच्या फेरीचा) आकडा भराभर चढताना दिसेल आणि पक्की झालेली नोंद जवळजवळ एकही नसेल. राफ्टवर चालणाऱ्या एटसीडी या डेटाबेसमध्ये हाच टाइमआउट मुळात १००० मिलिसेकंद असतो, आणि तो जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेच्या किमान दहा पट ठेवा असं त्यांचं कागदपत्र सांगतं. तेव्हा प्रोटोटाइप या कारणाने पडला असेल, तर ‘राफ्ट चालला नाही’ हा निष्कर्षच चुकीचा आहे. आकडा बदलून बघायला हवा होता.

दुसरी शक्यता बहुमताची. पाच नोडपैकी तीन एकमेकांना दिसत असतील तरच राफ्टमध्ये नवी नोंद पक्की होते. वाळपईच्या पुढचं एखादं केंद्र सकाळी सहाला एकटं पडलं, तरी कॅन घेऊन आलेल्या माणसाला ‘बहुमत नाही, थांबा’ असं सांगता येत नाही. इथे टाइमआउट कितीही वाढवा, काही फरक पडत नाही. ही गरजच राफ्टच्या स्वभावाविरुद्ध आहे. प्रोटोटाइप या कारणाने बाजूला ठेवला असेल तर निर्णय पक्का आहे आणि उद्या कुणी ‘राफ्ट पुन्हा करून बघू या’ म्हणालं तर दोन ओळीत उत्तर देता येतं.

कोड दोन्ही बाबतींत तोच आहे. फोल्डर जसंच्या तसं जपलंत तरी यातली कुठली गोष्ट झाली ते त्यातून कळणार नाही. म्हणून नोंद.

नोंदीसाठी भलामोठा साचा नको, कुणी भरत नाही. मी साधारण अशी लिहून घेतो:

‘प्रश्न: केंद्र एकटं पडलं तरी नोंद घेता येईल आणि नंतर सगळीकडे एकच क्रम लागेल, असं राफ्टने जमेल का? कुठे चालवलं: ऑफिसमध्ये पाच रास्पबेरी पाय, मध्ये कृत्रिम उशीर ३०० मिलिसेकंद, त्यात ८० ची वर-खाली, २ टक्के पॅकेट गळती. प्रत्यक्ष केंद्रांवर चालवलं नाही. काय दिसलं: टाइमआउट १५०–३०० ठेवल्यावर लीडर टिकत नाही. ४००० केल्यावर टिकतो, पण दोन केंद्रं तोडली की त्या दोन केंद्रांवर नोंद होत नाही. का सोडलं: दुसरं कारण. पहिलं सुटण्यासारखं आहे. पुन्हा केव्हा उघडावं: केंद्रांवर कायमची जोडणी आली, किंवा नोंद केंद्रावर न होता तालुक्याच्या सर्व्हरवर होऊ लागली तर. तपासलेलं नाही: नोड वाढवणं-कमी करणं.’

आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही भरा. शेवटची ओळ मात्र गाळू नका. काय तपासलं नाही हे लिहिलेलं नसलं की पुढचा माणूस सगळं तपासलंय असं धरून चालतो. राफ्टमध्येच याचं चांगलं उदाहरण आहे. एकेक नोड वाढवण्या-घटवण्याची जी सोपी पद्धत ओंगारो यांच्या प्रबंधात होती, तिच्यात चूक निघाली ती २०१५ मध्ये. ठरावीक क्रमाने लीडर बदलले तर दोन वेगळी बहुमतं तयार होऊ शकत होती. नव्या लीडरने आपल्या टर्ममधली एक नोंद आधी पक्की करावी आणि मगच सदस्य बदलावेत, अशी दुरुस्ती त्यांनी स्वतःच सांगितली. आता तुमचा प्रोटोटाइप कुठल्या वर्षीचं वर्णन वाचून लिहिला, दुरुस्तीआधीचं की नंतरचं, हे कोड वाचून ओळखायला अर्धा दिवस जाईल. नोंदीत एक ओळ पुरते.

‘शेवटी लिहिलेलं ते खरं’ हा तुमचा दुसरा प्रोटोटाइप. हा मी कुठल्याही परिस्थितीत टाकणार नाही, कारण तो फसला आणि फसण्याचं कारण तुमच्या यंत्रांत अजून तसंच बसलेलं आहे. रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंत बोर्डावर स्वतःचं चालतं घड्याळच नाही. नेटवर्क असेल तर वेळ तिथून घेतो, नसेल तर डिस्कवर शेवटची जपून ठेवलेली वेळ उचलतो आणि तिथून पुढे मोजू लागतो. संध्याकाळी वीज गेली, सकाळी आली, नेटवर्क अजून नाही, तर यंत्राच्या लेखी अजून काल संध्याकाळच आहे. समजा, एका सभासदाचं फॅट ३.५ ऐवजी ५.३ पडलं आणि ती नोंद नेटवर्क असताना मुख्य सर्व्हरवर पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावरच्या माणसाने ती दुरुस्त केली. पण दुरुस्तीवर शिक्का बसला कालच्या, मूळ नोंदीच्याही आधीच्या वेळेचा. जुळवणी झाली तेव्हा चुकीची नोंद जिंकली आणि दुरुस्ती गुपचूप गेली. कुठेही एरर नाही, लॉगमध्ये लाल अक्षर नाही. पंधरवड्याचा हिशोब लागला की मग आवाज होतो.

हा प्रसंग पुन्हा उभा करायचा तर कोडबरोबर प्रत्येक नोडचं घड्याळ किती मागे-पुढे होतं तो तक्ता हवा. तो बहुधा कुणाच्या तरी टर्मिनलच्या इतिहासात असतो आणि लॅपटॉप बदलला की जातो. लिनक्सवर खोटी वेळ दाखवण्यासाठी ‘लिबफेकटाइम’ वापरतात, तिची स्क्रिप्ट प्रोटोटाइपच्या फोल्डरातच असू द्या. एक सावधगिरी: ‘गो’ या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामवर ती सहसा चालत नाही, कारण वेळ विचारायला ‘गो’ ‘सी’ भाषेच्या लायब्ररीकडे जातच नाही. तिथे घड्याळ हा कोडमध्येच बदलता येण्याजोगा भाग ठेवावा लागतो. नेटवर्कचंही तेच. लिनक्सच्या ‘टीसी’ या साधनातल्या ‘नेटएम’ने उशीर आणि गळती घातली असेल तर ते हुकूम फाइलमध्ये लिहा. कुठला नोड कितव्या सेकंदाला मारला, कितव्या सेकंदाला उठवला, तीही एक छोटी फाइल. यादृच्छिक आकडे वापरले असतील तर त्यांचं बीज (ज्या आकड्यापासून ते निघतात तो) लिहून ठेवा.

पुढच्या प्रोटोटाइपसाठी एक सल्ला, विचारलेला नाही तरी देतो. अल्गोरिदम आणि नेटवर्क वेगळे ठेवा. ‘ही स्थिती, हा आलेला निरोप, ही नवी स्थिती, हे पाठवायचे निरोप’ एवढंच करणारं एक फंक्शन असावं, त्यात ना सॉकेट, ना घड्याळ, ना थ्रेड. मग सगळे नोड एकाच प्रोसेसमध्ये खेळवता येतात, आणि बीज तेच असलं की निकालही तोच येतो. फाउंडेशनडीबीची टीम याच वाटेने गेली, आधी असा सिम्युलेटर आणि मग त्यावर डेटाबेस. जपण्याच्या दृष्टीने याचा फायदा उघड आहे. पाच रास्पबेरी पाय, पाच केबल आणि एक तापलेला स्विच दहा वर्षांनी पुन्हा मांडायला कुणी बसणार नाही. एक फाइल कंपाइल करून चालवायला कुणाचीही हरकत नसते.

आता ‘गिटमध्ये असतंच’ याबद्दल. फोल्डर पुसून कमिट केलंत तर जुन्या कमिटमध्ये (त्या त्या टप्प्यावर जपलेल्या प्रतीत) ते राहतं, हे खरं. पण जे आहे हे माहीत नाही ते कुणी शोधत नाही. दोन वर्षांनी आलेली मुलगी रेपो क्लोन करेल (आपल्या मशीनवर उतरवेल), फोल्डर दिसणार नाही, आणि ती राफ्टचा प्रोटोटाइप नव्याने लिहायला घेईल, त्याच १५० ते ३०० पासून. ब्रँचमध्ये (कोडच्या वेगळ्या फाट्यात) ठेवलं असेल तर आणखी पंचाईत. मुख्य कोडात मर्ज न झालेली ब्रँच पुसली की तिच्या कमिटना कशाचाच आधार उरत नाही. तुमच्या लॅपटॉपवर रिफ्लॉग (गिटची हालचालींची नोंद) अशा कमिट साधारण ३० दिवस धरून ठेवतो, नंतरच्या साफसफाईत त्या जातात. सर्व्हरवरच्या बेअर (फक्त इतिहास ठेवणाऱ्या) रेपोत तर रिफ्लॉग मुळातच बंद असतो. आणि कुठल्याही टीममध्ये वर्षातून एकदा कुणाला तरी जुन्या ब्रँच झाडायची हुक्की येतेच. स्क्वॉश मर्जची सवय असेल तर मधल्या सगळ्या कमिट एका कमिटमध्ये दळल्या जातात, आणि प्रयोग ज्या कमिटवर चालवला होता ती नेमकी त्यातच असते.

म्हणून प्रयोग ज्या कमिटवर चालला तिच्यावर टॅग (नावाची खूण) लावा. साधा नको, अ‍ॅनोटेटेड लावा, त्यात तारीख, माणूस आणि मजकूर राहतो. नेहमीच्या पुशबरोबर (सर्व्हरवर कोड पाठवताना) टॅग आपोआप जात नाहीत, ते वेगळे पाठवावे लागतात. एकाच्याच लॅपटॉपवर राहिलेले टॅग मी इतक्या ठिकाणी पाहिलेत की हे लिहायचा आता कंटाळा येतो.

मुख्य रेपोत फोल्डर का नको? शोधलं की तिथला कोड आधी पुढे येतो आणि लोक तो उचलतात. प्रोटोटाइपमधली ‘फेल झालं तर लगेच पुन्हा पाठव’ ही ओळ प्रयोगापुरती ठीक असते. सगळ्या केंद्रांना एकदम नेटवर्क परत आल्यावर तीच ओळ सर्व्हर झोपवते. शिवाय सुरक्षेची तपासणी करणारी साधनं तिथल्या जुन्या लायब्रऱ्यांवरून रोज बोंबलतात, आणि रोजच्या बोंबेची सवय झाली की खरी सूचनाही नजरेआड होते.

फोल्डर इतिहासासकट हलवायला ‘गिट फिल्टर-रेपो’ वापरा. त्याने कमिटचे हॅश (ओळखक्रमांक) बदलतात, म्हणजे जुन्या ईमेलमध्ये किंवा तिकिटात लिहिलेले हॅश नव्या रेपोत सापडणार नाहीत. जुना हॅश कुठला आणि नवा कुठला, याची फाइल ते साधन स्वतःच बनवतं, ती नव्या रेपोत कमिट करून टाका. हलवून झालं, टॅग लागले, की रेपो आर्काइव्ह करा. गिटहब आणि गिटलॅब दोन्हीकडे सोय आहे, रेपो वाचता येतो, लिहिता येत नाही. मुख्य रेपोत निर्णयांच्या नोंदी ठेवत असाल तर तिथे एक ओळ: सीआरडीटी का निवडलं, आणि नाकारलेल्या दोन वाटा कुठे आहेत. नसाल ठेवत तर रीडमीमध्ये टाका, पण टाका.

एक गोष्ट क्लोनमध्ये कधीच येत नाही: पुल रिक्वेस्टवरची (बदल सामील करून घेण्याच्या विनंतीवरची) चर्चा. ‘हे का सोडलं’ याचं खरं उत्तर बहुतेक वेळा तिथे, चौदाव्या कमेंटमध्ये कुठेतरी असतं. तो मजकूर उचलून नोंदीबरोबर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. होस्ट (रेपो ठेवणारी सेवा) आज आहे म्हणून उद्या असेलच असं नाही. गुगल कोड २०१६ मध्ये बंद झालं. बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरिअल या गिटसारख्या प्रणालीचे रेपो काढून टाकले, त्यांच्याबरोबर तिथल्या चर्चांची वाट लागली.

डिपेंडन्सीबद्दल, म्हणजे तुमचा कोड ज्या बाहेरच्या लायब्रऱ्यांवर उभा असतो त्यांच्याबद्दल. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज-भांडारावरून ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं अकरा ओळींचं पॅकेज काढलं गेलं आणि जगभरचे बिल्ड (कोडपासून चालता प्रोग्राम बांधणं) तुटले, हे आठवत असेल. जावाच्या जुन्या बिल्डमध्ये जेसेंटर या भांडाराचा पत्ता असायचा, तिथे २०२१ पासून नवं काही येत नाही. सक्रिय प्रोजेक्टमध्ये असं झालं तर कुणीतरी दुपारभर बसून दुरुस्त करतं. आर्काइव्हमधल्या रेपोला कुणी वाली नसतो. म्हणून रोजच्या कामात जे वाईट दिसतं ते इथे मुद्दाम करावं: डिपेंडन्सी कॉपी करून रेपोतच ठेवा. प्रोटोबफ (निरोपांचा साचा ठरवणारं साधन) वापरलं असेल तर मूळ व्याख्या तर ठेवाच, पण तिच्यापासून तयार झालेला कोडही कमिट करा. एरवी कुणी असं केलं तर मी रिव्ह्यूमध्ये परत पाठवतो. इथे मात्र तो कोड बनवणाऱ्या कंपायलरची नेमकी तीच आवृत्ती पुढे मिळेल याचा भरवसा नाही.

कंटेनरचं, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं बांधलेल्या इमेजचं, नाव लिहिताना ‘लेटेस्ट’ लिहू नका. तो टॅग आज एका इमेजवर असतो, उद्या दुसरीवर. डायजेस्ट (इमेजच्या मजकुरावरूनच निघणारा ठसा) लिहा, आणि शक्य असेल तर इमेज फाइलमध्ये उतरवून ठेवा. मात्र तुमच्या इमेज रास्पबेरी पायसाठी, म्हणजे एआरएम जातीच्या प्रोसेसरवर बांधलेल्या आहेत. ऑफिसमधल्या नेहमीच्या इंटेलच्या मशीनवर त्या चालवायला मध्ये क्यूएमू (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारं साधन) लागेल आणि वेळांचे आकडे निरर्थक होतील, हेही लिहून ठेवा. आणि इमेज आहे म्हणून सोर्सकडे दुर्लक्ष नको. पणजीला पुराभिलेख खात्यात मोडीतले कागद आहेत, ते शाबूत आहेत म्हणून कुणालाही वाचता येतात असं थोडंच आहे. सोर्स हरवलेली इमेज तशीच, चालेल कदाचित, पण आत काय लिहिलंय ते कळायचं नाही.

लॉग गिटमध्ये घालू नका. गिटहब १०० मेगाबाइटवरची फाइल घेतच नाही, आणि त्याहून लहान असल्या तरी रेपो सुजतो. बाहेर कुठेतरी ठेवा आणि रेपोत त्यांचा एसएचए-२५६ (फाइल बदलली नाही ना ते पडताळणारा ठसा) लिहा. प्रयोगाचा सगळा लॉग ठेवायचीही गरज नसते. जिथे गोष्ट बिघडली त्याच्या आधीची-नंतरची काही मिनिटं, सगळ्या नोडची, एवढं पुरतं. पण ती सगळ्या नोडची असली पाहिजेत. एकाच नोडचा लॉग म्हणजे भांडणातल्या एकाच पक्षाची बाजू.

खऱ्या सभासदांचा डेटा प्रोटोटाइपमध्ये वापरला होता का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. वापरला असणार, सगळे वापरतात. नाव, मोबाइल, बँक खातं यातलं काहीही असेल तर आर्काइव्ह करण्याआधी बनावट डेटा घाला. २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी दुसऱ्याचं बँक खातं दहा वर्षं कपाटात ठेवायचं कारण काय? पासवर्ड आणि की (सर्व्हरच्या गुप्त किल्ल्या) यांबद्दल क्रम लक्षात ठेवा: आधी की रद्द करा, मग इतिहासातून काढा. लोक उलटं करतात, इतिहास घासून-पुसून चकाचक, आणि की तीच चालू. एकदा सर्व्हरवर गेलेली की कुणाच्या क्लोनमध्ये असेल ते सांगता येत नाही.

गॉसिपचा प्रोटोटाइप पुसा. तुम्हीच लिहिलंय की तो एका ट्युटोरियलवरून उतरवला आणि दोन मशीनवर कधी चालवलाच नाही. त्याने कुठलाच प्रश्न विचारलेला नाही, तर उत्तर कशाचं जपायचं? जे लिहिलंय त्या सगळ्याला संग्रहाचा मान दिला की खरा ऐवज दिसेनासा होतो. निवड करायला जीव घट्ट करावा लागतो. माझा निकष सोपा आहे: या प्रोटोटाइपमुळे कुठला निर्णय बदलला किंवा पक्का झाला, ते एका वाक्यात सांगता येतं का? येत नसेल तर राम म्हणा. आणि एक गंमत सांगतो, प्रॉडक्शनमध्ये गेलेला सीआरडीटीचा प्रोटोटाइपही वेगळा जपायची फारशी गरज नसते, त्याचं पुढचं रूप तर समोरच आहे. खरं मोल फसलेल्यांना.

तुम्ही न विचारलेली पण सगळ्यात जास्त गोत्यात आणणारी बाब मालकीची आहे. ‘शेवटी लिहिलेलं ते खरं’वाला प्रोटोटाइप इंजिनिअरिंग कॉलेजच्या इंटर्नने लिहिला असं तुमच्या प्रश्नात ओझरतं आलंय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीत असलेल्याने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. इंटर्न किंवा बाहेरून कंत्राटावर घेतलेला माणूस नोकर धरला जाईलच असं नाही. त्याच्याकडून हक्क लेखी घ्यावे लागतात, आणि कलम १९ मध्ये एक खाच आहे: लेखात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांपुरतं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. म्हणजे ‘सर्व हक्क कंपनीला’ एवढंच लिहिलेला कागद पाच वर्षांनी लंगडा पडतो, आणि आर्काइव्ह तर त्याहून जास्त जगावं म्हणूनच करतोय आपण. कागद काढून बघा. इंटर्न अजून ओळखीचा आहे तोवर सही मिळते, मग तो बंगळुरूला जातो आणि फोन नंबर बदलतो. वकिलाला एकदा दाखवा, मी वकील नाही.

एखादा भाग, विशेषतः सिम्युलेटर, खुला करायला कंपनी तयार असेल तर मग जपण्याचं काम बरंच हलकं होतं. सॉफ्टवेअर हेरिटेज नावाचा संग्रह फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये सुरू केला, युनेस्कोही त्यात भागीदार आहे. सार्वजनिक रेपोचा पत्ता दिला की तो इतिहासासकट साठवतात, आणि मजकुरावरूनच निघणारी कायमची ओळख देतात. पेपर लिहिणार असाल तर सर्नच्या झेनोडो या संग्रहात ठेवा, डीओआय (कायमचा संदर्भ क्रमांक) मिळतो. पण लायसन्सची फाइल घातल्याशिवाय यातलं काहीही करू नका. लायसन्स नसलेला खुला कोड बघता येतो, वापरता येत नाही. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या बर्फातल्या खाणीत गिटहबने २०२० मध्ये फिल्मवर कोड पुरून ठेवला, त्याच्या बातम्या छान आल्या होत्या, पण तो तुमच्या कामाचा नाही. त्यात सार्वजनिक रेपो होते आणि सोमवारी सकाळी तिथून काही परत मागता येत नाही.

खाजगी ठेवायचं तर ‘गिट बंडल’ने अख्खा रेपो, सगळ्या ब्रँच आणि टॅगसकट, एका फाइलमध्ये काढा. दोन प्रती करा. एक ऑफिसबाहेर असावी. बाहेरची हार्ड डिस्क कपाटात बंद करून ठेवणार असाल तर पावसाळ्यातली आपल्याकडची दमट हवा धरून चाला, आणि डीव्हीडीवर तर अजिबात ठेवू नका, बुरशी येते. बंडल केल्यावर ती फाइल दुसऱ्या मशीनवर नेऊन तिच्यातून क्लोन करा आणि इंटरनेट बंद ठेवून बिल्ड करून बघा. हे शक्यतो ज्याने प्रोटोटाइप लिहिला नाही त्याने करावं. लिहिणाऱ्याच्या मशीनवर सगळंच चालतं.

किती वर्षं, याला आकडा नाही. सीआरडीटीचा निर्णय जोवर उभा आहे तोवर त्याला नाकारलेल्या वाटांची नोंद लागणार. बिल्ड होत राहणं त्यापेक्षा बरंच आधी थांबेल, आणि थांबलं तर त्यासाठी फार जीव काढू नका. पाच-सहा वर्षांनी कंपाइल होत नसेल तर नोंद, नोड केव्हा मारले-उठवले त्या फाइली आणि लॉग एवढं उरलं तरी चालेल. वर्षातून एकदा, चतुर्थीच्या सुट्टीआधी काम तसंही रेंगाळलेलं असतं तेव्हा, एकाने बंडल उघडून क्लोन होतंय का आणि नोंदीतली ‘पुन्हा केव्हा उघडावं’ ही ओळ अजून लागू आहे का, तेवढं बघावं. काणकोणला फायबर पोचलं असेल तर त्या ओळीचं उत्तर बदललेलं असू शकतं.